भरत्याचं तोंड

गणेश चतुर्थी साऱ्या मुलखाची असते. तिच्यानंतर पंधरा दिवसांनी येणारी साखरचौथ मात्र आमच्या या खाडीकाठच्या घरांची. नामाच्या घरात तर तिचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. दिवाळीला कुणी चुकलं तर दोन दिवस नाव निघायचं. साखरचौथीला चुकलं तर पुढच्या साखरचौथीपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं. म्हणून नामाची थोरली लेक सगुणाआत्या नागावहून सकाळी आठलाच येऊन थडकली होती. सोबत वाडीतले नारळ, दोन केळफुलं आणि तिच्या होमस्टेत उतरलेल्या पाहुण्यांच्या तक्रारी.

"समुद्राच्या आवाजानं झोप लागली न्हाय, बोलतात," ती भाचेसुनेला, अमिषाला, सांगत होती. "मंग समुद्रावर आलास कशाला? माथेरानला जायचा व्हता!"

अमिषा हसली. या घरात येऊन तिला दोनच वर्षं झाली होती आणि आत्याबाई बोलत असताना हसत राहणं हे सगळ्यात सुरक्षित, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

गणपती बसला, आरती झाली, आणि विपुल उघाडीजवळून चिखलाची पाटी घेऊन आला. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची, बाहेर सोडायची बांधातली दारं. एके काळी त्या दारांच्या आत नामाचं मिठागर होतं. नामा गेला त्याला एकवीस वर्षं झाली आणि मिठागरही त्याच्या मागोमाग गेलं. तो जिथे उन्हात मीठ ओढायचा तिथे आता त्याच्या नातवाचे, म्हणजे विपुलचे, ट्रेलर उभे असतात आणि तिथून न्हावा शेवा बंदराला जातात. उरली ती उघाडी, तिच्याजवळचा पन्नासेक पावलांचा बांध आणि बांधाखालचा हा करडा, चिकट, खारट वासाचा चिखल.

साखरचौथीला या चिखलाच्या बाहुल्या करायच्या, ही नामाची स्वतःची रीत. गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: बाप्पा दीड दिवस येतो, उरलेलं वर्ष बांध राखणार कोण? म्हणून घरातल्या प्रत्येकाने वीतभर उंचीचा एक बाहुला करायचा. त्याला नाव नामाने द्यायचं, आणि कामही; तो गेल्यावर हे सगुणाआत्याकडे आलं. बाहुले वयाप्रमाणे एका फळीवर ओळीने बसायचे, गणपतीच्या पायाशी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पाण्यात जायचे. पुढच्या वर्षी पुन्हा करायचे. नाव तेच, अंग नवं. भाजायचे नाहीत, रंगवायचे नाहीत, ठेवून घ्यायचे नाहीत, फोटोतसुद्धा नाहीत. आणि माणूस गेला की त्याचा बाहुला करायचा नाही. नामाचे नेम इतकेच होते, पण ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

यंदा मात्र पाटीतल्या चिखलाला हात लागण्याआधी चिखल टीव्हीवर आला.

"बाबा, जरा सरक ना. आत्या, तू इकडे बस, नीट दिसेल," विपुल तारा जोडत म्हणाला. "मृणालीताई, लॅपटॉप दे."

विपुलचा बाप दिनानाथ, त्याच्या धाकट्या भावाची, अनंताची, मृणाली ही मुलगी. अठ्ठावीस वर्षांची. अनंता गेला तेव्हा नऊ वर्षांची होती. अनंता फॅक्टरीत होता त्या माणगावलाच आईने तिला वाढवलं, मामांच्या भातशेतीत आणि शाळेच्या वह्यांत. खाडीकाठच्या या घरी येणं सुटलं ते सुटलंच. पुण्याला ॲनिमेशन शिकली, सीवूड्सला भाड्याने राहायला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी विपुलच्या लग्नात तिला कुणीतरी सहज विचारलं, तुझ्या आजोबाच्या बाहुल्या आठवतात का गं? त्या एका प्रश्नातून हे सगळं उभं राहिलं होतं.

"परत एकदा सांग, काय इकनार ते," दिनानाथ म्हणाला. विपुलने त्याला चार वेळा सांगितलं होतं.

"बघ बाबा. चित्र सगळ्यांना दिसतं. कुणी पण मोबाईलवर बघू शकतो. पण ओरिजिनल कुणाच्या नावावर आहे त्याची नोंद असते, हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी. कुणाला खाडाखोड करता येत नाही. त्याला एनएफटी बोलतात."

"म्हंजे चित्राचा सातबारा."

"करेक्ट!"

"मंग तलाठी कोन?"

"तलाठीच नाही. तीच तर मजा आहे."

तलाठ्याशिवाय सातबारा, ही कल्पना दिनानाथला इतकी आवडली की तो पुढे काही न विचारता खुर्ची ओढून बसला.

मृणालीचं काम त्याच्या आधीचं होतं. नुसती गोंडस चित्रं काढून कुणी जीव लावत नाही, आधी जग हवं, असं ती म्हणायची. कोण कुठे राहतो, कशाला भितो, कुणाशी अबोला धरून आहे. तिने मिठागराचा नकाशा काढला होता, बारा बांधांचा. त्या जगात कुणाच्या पायात चप्पल नव्हती. पावसाळा म्हणजे चार महिन्यांची झोप. रंग फक्त मिठागरावर दिसणारे: चिखलाचा, मिठाचा, आणि चैत्रात आटत्या पाण्याला येतो तो फिकट गुलाबी. चित्रं विकणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीला बाहुल्यांच्या डोळ्यांवर गॉगल आणि गळ्यात सोन्याच्या चेन हव्या होत्या. तिने तीन महिने भांडून ते हाणून पाडलं होतं. रेघसुद्धा सरळ नाही. सगळीकडे अंगठ्याचे ठसे. ब्रँडचं नावही साधंच ठेवलं होतं: 'बांधावरचे'.

पहिली आली पाखडी. सगुणाआत्याची बाहुली. नाकाने पाऊस हुंगणारी, साऱ्या जगावर चिडलेली.

"माजा नाक एवढा मोठा?" आत्या ओरडली.

"पाखडी नाकानंच काम करते ना, आत्या."

"लहानपनी व्हता बारीक. बाबाला इचार." बाबा एकवीस वर्षांपूर्वी गेलेला असल्यामुळे हे विचारणं राहून गेलं.

मग दिनानाथचा टोपल्या, डोक्यावरची टोपली कधीच खाली न ठेवणारा. विपुलचा निवट्या, धड पाण्यात नाही, धड चिखलात नाही, सगळीकडून निसटणारा. अमिषाची झोपाळी. प्रत्येक चित्राला हसू वाढत गेलं. दिनानाथने तर टोपल्या दोनदा दाखवायला लावला. मृणाली सगळ्यांची तोंडं बघत होती. दोन वर्षं ती एकटी या माणसांबरोबर राहिली होती आणि आज ती माणसं आपल्या घरी आली होती.

शेवटी पडद्यावर उघाडीची काळी दारं आली आणि त्यांच्यापुढे एक बाहुला. मान खाली. खांदे पडलेले. चेहऱ्यावर तोंडच नाही, नुसता सपाट चिखल. मृणालीने स्वतःच्या आवाजात खाली लिहिलेलं वाचलं.

"भरत्या. बांधावरच्या सगळ्यांना जपणारा. तो बोलत नाही. भरती येते तेव्हा फक्त मान खाली घालतो, आणि बाकीचे ओळखतात."

कुणी हसलं नाही. दिनानाथने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"ह्यो नको," सगुणाआत्या म्हणाली.

"काय झालं, आत्या?" विपुलने विचारलं.

"नको म्हंजे नको. बाकी सगळा दाव जगाला. माजा नाकबी दाव. ह्यो तेवढा काढ."

"अगं, हाच तर मेन आहे! सगळी स्टोरी याच्याभोवती फिरते. उद्या पाचला फायनल पाठवायचंय. एकदा लॉक झालं की बदल नाही."

"ताई बोलते ते बराबर हाय," दिनानाथ चष्मा पुसता पुसता म्हणाला. "बाबाचा नेम व्हता. गेलेल्याचा बाहुला करायचा न्हाय. अनंता गेला, भरत्या गेला."

"पण काका, घरात करताच की तुम्ही दरवर्षी." मृणाली गोंधळली होती. "अमिषाने पहिल्या साखरचौथीला फोटो काढला होता. तिला माहीत नव्हतं काढायचा नसतो ते. त्यात तिसऱ्या जागेवर आहे भरत्या. मी त्यावरूनच काढलाय. मला वाटलं, बाबा करायचे तसाच तुम्ही अजून..."

अमिषाने खाली मान घातली.

"तो नुसता गोळा हाय," आत्या घाईने म्हणाली. "जागा रिकामी बरी दिसत न्हाय, म्हनून मीच ठेवते चिखलाचा गोळा."

मृणालीने फोटो पडद्यावर मोठा केला. गोळ्याला कान होते. खांदे होते. मानेची पन्हळ अंगठ्याने काळजीपूर्वक काढलेली होती.

"सारन करपतंय वाटतं," असं म्हणून आत्या उठली आणि आत गेली. शेगडी अजून पेटवलेलीच नव्हती, हे अमिषाला माहीत होतं.

*

दुपारभर घरात दोन पक्ष पडले. दिनानाथ बहिणीच्या बाजूने, विपुल चुलत बहिणीच्या, आणि अमिषा मोदक वळता वळता दोघांच्याही.

"फोटो मीच काढला, ताई. माझ्यामुळे झालं हे सगळं," ती स्वयंपाकघरात मृणालीला म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही गं. फोटो नसता तर मला भरत्या दिसलाच नसता."

विपुल दारात उभा होता. एवढ्यात त्याला बेंगळुरूहून दोन फोन येऊन गेले होते. "ऐक ना. निवट्याला हिरो करू. तसा तो दिसायला पण बरा आहे. भरत्याला बाजूला ठेव, आत्या पण खूश, कंपनी पण खूश."

"नाही होणार, विपुल."

"का नाही होणार? चित्रच आहे ना शेवटी?"

मृणालीने हातातला मोदक खाली ठेवला. कळ्या पडल्या नव्हत्या, नुसती गाठोडी झाली होती. "मला बाबा आठवतात ना, ते असेच. खुर्चीत बसलेले, मान खाली, गळ्याला रुमाल. शेवटचं वर्ष. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांना बोलताच येत नव्हतं. मी शाळेतून यायचे आणि ते नुसता हात वर करायचे. त्याच्या आधीचे बाबा माझ्याकडे नाहीत. मी खूप शोधते. त्यांचा आवाज मला आठवत नाही." ती थांबली. "हे सगळं जग मी कंपनीसाठी नाही बांधलं. त्या एका माणसाला बसायला जागा हवी होती म्हणून बांधलं. त्यालाच काढला तर बाकीचं मी कशाला करू?"

विपुलने पुढे होऊन तिचं एक गाठोडं उचललं आणि स्वतःच्या मोठ्या बोटांनी त्याला कळ्या पाडायचा प्रयत्न केला. ते आणखीच बिघडलं.

पलीकडे माजघरात सगुणाआत्या नारळ सोलत होती. तिने शब्द न् शब्द ऐकला. तिच्या हातातला कोयता थांबला तो बराच वेळ हललाच नाही. आपल्या हातून काय होऊन बसलं ते तिला आत्ता, इतक्या वर्षांनी, पुरतं कळलं होतं. नेम मोडला, याचं तिला काही वाटत नव्हतं. बाबाला वर गेल्यावर समजावता आलं असतं. पण या पोरीने बाप म्हणून जो उराशी धरला होता तो अनंता नव्हताच. तो सगुणेचा दुखवटा होता, चिखलात काढलेला.

त्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर सगळ्यांनी उपास सोडला. बाहुले फळीवर बसले. तिसऱ्या जागेवर यंदा खरोखरच नुसता गोळा होता, आणि दिनानाथने त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

*

सकाळी चहा झाल्या झाल्या आत्या मृणालीला म्हणाली, "चल गो बाय, उघाडीवर जाऊन येऊ."

ओहोटी होती. बांधाच्या दोन्ही अंगांना चिखल उघडा पडला होता आणि त्यावर निवटे, चिखलातले ते मासे, टुणटुण उड्या मारत होते. मागे विपुलच्या ट्रेलरांची रांग, पुढे खाडी, आणि पलीकडे बंदराच्या क्रेनी. आत्या साडी वर खोचून बांधाच्या दगडावर बसली.

"मी खोटा बोलले काल," ती म्हणाली. "गोळा न्हाय तो. मीच करते. अनंता गेल्यापासून, एकोनीस वर्सं."

"मग चांगलंच आहे की, आत्या. त्यात वाईट काय?"

"वाईट ह्यो, का तो तसा नव्हताच." आत्याने तिच्याकडे न बघता सांगून टाकलं. "तुजा बाप जाम बडबड्या, बाय. येडा बडबड्या. बाबानं त्याचा नाव भरत्या का ठेवला? भरती आली का ह्योच पयला बोंब मारायचा. सारा मिठागर हालवायचा. 'पानी आला रे, पानी आला!' झोपेतबी बोलायचा. मीच धा वेळा मारलाय त्याला, गप बस म्हनून."

मृणाली तिच्या पायाशी येऊन बसली.

"त्याचा भरत्या असा." आत्याने चेहरा वर केला आणि तोंड एवढं मोठं उघडलं की तिचे उरलेले दातही दिसले. "मान वर. तोंड उघडा. करंगळी घालून भोक पाडायचा, पार पोटापरयंत. सगळ्यांचे बाहुले पान्यात गुपचूप जायचे. ह्याचा जायचा तो बुडबुडे सोडत. बाबा बोलायचा, बघा, ह्यो बुडतानाबी गप बसत न्हाय."

"मी कधी पाहिलंच नाही," मृणाली हळूच म्हणाली. "दुसऱ्या दिवशी शाळा असायची. आई मला घेऊन लवकर निघायची, बाबा तेवढे थांबायचे."

"व्हय. शेवटच्या वर्सालाबी थांबला. आवाज गेलेला. पन त्या वर्सी त्यानं एवढा तोंड पाडला भरत्याला, का मुंडकाच राहीना. बुडबुडे निघाले तवा टाळ्या वाजवल्यान त्यानं." आत्याने पदराने नाक पुसलं. "मंग तो गेला. पुढल्या साखरचौथीला जागा रिकामी दिसली आनि मना राहवला न्हाय. बाहुला केला. पन तोंड पाडायला करंगळी काय जाईना. दरवर्सी बोलते, आवंदा पाडीन. दरवर्सी ऱ्हाते. आनि तो माजा तोंड मिटलेला बाहुला तू बाप म्हनून घेऊन बसलीस. माजी चूक हाय ती, बाय. माजी एकटीची."

मृणालीला रडू आलं ते तिला आवरायचंही नव्हतं. दोन वर्षं तिने एका मुक्या माणसावर जीव लावला होता. रागावायचं तर कुणावर, हेही तिला कळत नव्हतं. कारण तो बाहुलाही कुणीतरी तिच्या बापावरच्या मायेपोटी केला होता. तिने आत्याच्या मांडीवर डोकं टेकलं. आत्याच्या हाताला कालच्या खोबऱ्याचा वास होता.

"आणखी सांग," ती म्हणाली. "काय काय बोलायचे?"

"बापरे. आता दुपार व्हईल."

"होऊ दे."

दुपार झाली नाही, पण तासभर सहज गेला. अनंता कसा गाण्यांची वाट लावायचा, कसा लग्नात नवरदेवाच्या आधी स्वतःच हार घालून घ्यायचा, फॅक्टरीत साहेबाला एकदा कसा झोप लागेपर्यंत गोष्ट सांगत बसला. मृणालीच्या जन्माच्या दिवशी तर त्याने माणगावच्या बाजारात दिसेल त्याला थांबवून सांगितलं होतं, मुलगी झाली, माझ्यासारखी ओरडते. हे मृणालीला कुणीच सांगितलं नव्हतं. आईला त्याचं नाव काढलं की बोलवायचं नाही, आणि इथे सगळे समजून चालले होते की हिला ठाऊक असेलच.

बांधावरून दिनानाथ येताना दिसला. एका हातात पाणी भरलेली बादली, दुसऱ्या हातात पाटी.

"आता ह्यो ओरडनार," आत्या पुटपुटली. "नेम, नेम, नेम."

दिनानाथ जवळ आला, बादली ठेवली, पाटी ठेवली आणि गुडघे धरून बसला.

"ताई, येक इचारू? गोळ्याला कुनी कान करतो?"

आत्याने पाटीतला चिखल बोटाने चाचपला.

"एकोनीस वर्सं फळी मीच उचलून नेतो पान्यात. मना काय डोळे न्हाईत? पयल्या वर्सीच बघितला." त्याने बादली उगाच सरळ केली. "बोललो न्हाय, कारन बोललो असतो तर तू करायचा सोडला असतास. मंग तिसऱ्या जागेवर मीबी काय बघायचा?"

साठीच्या पुढची ही दोन भावंडं एकमेकांकडे न बघता खाडीकडे बघत बसली. एकोणीस वर्षं प्रत्येकाने आपापलं गुपित दुसऱ्यापासून जपलं होतं आणि ते एकच निघालं होतं. मृणालीला वाटलं, ही गोष्ट आपल्याला कधीच सुचली नसती.

"काका, नेमाचं काय मग?" तिने विचारलं.

"नेम बहीन-भावाला. लेकीनं बापाची नक्कल करू नये असा बाबा कंदी बोलला न्हाय." त्याने पाटी तिच्याकडे सरकवली. "कर. भरती साडेतीनला हाय."

*

तीन वाजता गणपती निघाला. मिरवणूक म्हणावी अशी काही नव्हती: पुढे विपुल डोक्यावर गणपती घेऊन, अमिषा आरतीचं ताट घेऊन, मागे दिनानाथच्या हातात फळी, आणि दोन पोरांनी वाजवलेला ताशा. फळीवर तिसऱ्या जागी नवा भरत्या होता. मृणालीने तो तीनदा मोडून चौथ्यांदा केला होता. मान इतकी वर की तो आभाळालाच काही सांगतोय असं वाटावं. तोंडात तिची करंगळी थेट गेली होती. आत्या शेजारी बसून नुसती 'अजून, अजून खोल' म्हणत राहिली होती. तिने स्वतः मात्र हात लावला नव्हता.

"ताई," चालता चालता विपुल म्हणाला. डोक्यावर गणपती असल्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती. "पाचला काय पाठवायचं ते सांग."

"भरत्या बदलला म्हणून सांग. तो बोलतो. सगळ्यांत जास्त तोच बोलतो."

"म्हणजे अख्खी स्टोरी परत?"

"अख्खी. आणि आणखी एक. चेहरा कायमचा नाही. दर साखरचौथीला सगळ्यांचे चेहरे विरघळतील आणि नवे येतील. ज्याच्या नावावर निवट्या आहे त्याचा निवट्याच राहील, पण दरवर्षी वेगळा. नाव तेच, अंग नवं."

"अगं, लोक चेहऱ्यासाठीच तर घेतात!"

"मग त्यांना गॉगलवाले घेऊ दे."

विपुलने चार पावलं विचार केला. "म्हणजे सातबारा नावाचा, चित्राचा नाही."

"बरोब्बर."

"आणि हे बेंगळुरूला समजवायचं मी."

"निवट्या तूच ना? निसट कसातरी."

"नाही ऐकलं तर?"

"तर नाही," मृणाली म्हणाली. "मग आपण आपले दरवर्षी इथेच करू." हे बोलताना आपल्याला भीती वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. काल हीच गोष्ट मनात आली असती तर तिला धरती फाटल्यासारखं वाटलं असतं.

उघाडीपाशी पाणी काठोकाठ आलं होतं. आरती झाली. विपुल आणि दिनानाथ छातीभर पाण्यात उतरले आणि गणपती तीनदा बुडवून सोडला. मग दिनानाथने हात पुढे केला, फळीसाठी. पण आत्या साडीसकट पायऱ्या उतरत होती.

"ताई, पाय घसरंल!"

"घसरू दे. तू बाजूला हो." तिने मृणालीचं मनगट धरलं होतं. दोघी कंबरभर पाण्यात गेल्या. फळी दोघींनी मिळून धरली.

विपुलने खिशातला मोबाईल आधीच काठावर अमिषाकडे दिला होता. तिने तो पदराआड धरला. या वेळी फोटो काढायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

फळी हळूहळू पाण्याखाली गेली. पाखडी गेली, टोपल्या गेला. बाकीचे बाहुले एकेक करून कडेने विरघळत, गढूळ होत, मुकाट्याने खाली गेले. पाणी पुन्हा सपाट झालं. मृणालीने श्वास धरला होता. भोक बुजलं असेल, तिला वाटलं. आपली करंगळी पुरेशी खोल गेली नसेल.

मग तिच्या हाताजवळून एक बुडबुडा वर आला. लहानसा. त्याच्यामागे दुसरा. आणि मग एकदम कितीतरी, एकमेकांना ढकलत, गडबडीने, जसं एखाद्याला खूप दिवसांचं सगळं एकाच वेळी सांगायचं असावं.

काठावर अमिषा मोठ्याने हसली आणि लगेच रडायला लागली. विपुल पाण्यातच टाळ्या वाजवू लागला. दिनानाथ म्हणाला, "ताई, अगो बघ, एकोनीस वर्सांनी..."

"गप रे तू," सगुणाआत्या त्याच्यावर ओरडली. तिचे डोळे पाण्यावरून हलले नव्हते. "त्याला बोलू दे."

आणि बुडबुडे थांबेपर्यंत त्या घरातलं कुणीही, अगदी कुणीही, बोललं नाही.